योगी बेअर या कार्टूनमधल्या अस्वलाचं नाव 'योगी' कसं पडलं? त्याचा आपल्या योगाशी काही संबंध आहे का?

प्रश्न वाचून हसूच आलं, कारण प्रश्नाच्या खाली तुम्ही जे लिहिलंय ना, की हे अस्वल दिवसभर खातं, झोपतं आणि पिकनिकला आलेल्या लोकांच्या टोपल्या पळवतं मग हा योगी कसला, अगदी हेच आमच्या आजीने विचारलं होतं १९९७-९८ च्या सुमारास. तेव्हा केबलवर कार्टून नेटवर्क लागायचं, सगळं इंग्लिशमध्ये, आम्हाला चार शब्द कळायचे आणि बाकीची गोष्ट आम्ही भावंडं आपापसात ठरवायचो. रात्री त्याच जागी टीएनटी नावाचं दुसरं चॅनल लागून जुने हॉलिवूडचे सिनेमे सुरू झाले की समजायचं, झोपायची वेळ झाली. आजी पलंगावर वाती वळत बसलेली असायची, एक डोळा टीव्हीकडे. तिला आम्ही सांगितलं की ह्याचं नाव योगी. दोन मिनिटं बघितलंन आणि म्हणाली, "योगी कसला, भोगी आहे मेला!" आणि मग वर, "न खाई भोगी तो सदा रोगी, हा काय रोगी व्हायचा नाही." तेव्हापासून आमच्या घरी त्या कार्टूनचं नाव भोगी बेअर.

तर थोडक्यात उत्तर हे की संबंध आहे, पण सरळ नाही, पार अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराला वळसा घालून आलेला आहे.

अमेरिकेत लॉरेन्स पीटर बेरा नावाचा एक बेसबॉल खेळाडू होता, न्यूयॉर्क यांकीज संघाचा कॅचर, १९४६ ते १९६३ तिथे खेळला आणि दहा वर्ल्ड सीरिज (तिकडची बेसबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला, म्हणजे त्यांच्याकडे घराघरात माहीत असलेला माणूस. पण लॉरेन्स म्हणून त्याला कुणी ओळखायचं नाही, तो सगळ्यांचा 'योगी बेरा'. तो मूळचा सेंट लुइसचा, आणि हे नाव त्याला पोरवयात तिथल्या मित्राने ठेवलं. किस्सा असा सांगतात की ही पोरं सिनेमाला गेली होती, त्यात भारताबद्दल काहीतरी दाखवलं आणि एक मांडी घालून बसलेला योगी दिसला, आणि बेराची सवय अशी की बॅटिंगची पाळी येईपर्यंत हाताची घडी घालून, मांडी ठोकून गप्प बसायचा. मित्र म्हणाला, अरे हा तर तोच! झालं, चिकटलं नाव. आपल्याकडे नाही का एखाद्याला शाळेत 'बुवा' म्हणायला लागले की तो रिटायर होईपर्यंत बुवाच राहतो, तसं.

मग १९५८ मध्ये हॅना-बार्बेरा ह्या कार्टून कंपनीचं 'हकलबेरी हाउंड शो' टीव्हीवर सुरू झालं, त्यात जोडीला एक अस्वल होतं आणि त्याचं नाव योगी बेअर. योगी बेरा, योगी बेअर. कंपनीचं म्हणणं, निव्वळ योगायोग (हा शब्द मी मुद्दाम नाही वापरला, आपोआप आला). बेराला काही ते पटलं नाही, कोर्टात जायचा विचार पण करून झाला, पण शेवटी सोडून दिलं. गंमत म्हणजे २०१५ मध्ये नव्वदाव्या वर्षी बेरा वारला तेव्हा एपी ह्या एवढ्या मोठ्या वृत्तसंस्थेने पहिल्या बातमीत चुकून 'योगी बेअर यांचं निधन' असं लिहिलं. म्हणजे माणसाचं नाव अस्वलाने उचललं आणि शेवटी मरणाची बातमीसुद्धा अस्वलाच्या नावावर गेली.

इथे खरं तर उत्तर संपलं. पण हे सगळं वाचत बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या चोर अस्वलाचं नुसतं नावच नाही, बहुतेक सगळंच इकडून तिकडून उचललेलं आहे, म्हणून पुढचं पण लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आवाज बघा. योगीचा आवाज डॉज बटलर यांचा, आणि त्याला लय आहे ती 'द हनीमूनर्स' नावाच्या टीव्ही मालिकेतल्या एड नॉर्टनची. नॉर्टन म्हणजे न्यूयॉर्कच्या गटारात काम करणारा, मोठ्या तोऱ्यात बोलणारा, खादाड शेजारी, आर्ट कार्नी यांनी केलेला. ती चपटी टोपीपण तिकडचीच. त्या काळातल्या अमेरिकन प्रेक्षकाने योगी बोलायला लागला की लगेच ओळखलं असणार, आपल्याकडे एखादं कार्टून निळू फुल्यांच्या आवाजात "बाई" म्हणालं की आपण ओळखू तसं. आणि हा योगी पिकनिक असं सरळ म्हणतच नाही, 'पिक-अ-निक बास्केट' म्हणतो, मध्ये एक अक्षर जास्तीचं घालून, जसं काही तोंडातला घास त्याला शब्दातसुद्धा लांबवायचाय.

पार्क पण तसंच. यलोस्टोन नॅशनल पार्क, १८७२ सालचं, त्याचं ह्यांनी केलं जेलीस्टोन. अक्षर बदललं की झालं आपलं!

आणि टाय. लहानपणी मला वाटायचं की अस्वल सभ्य दिसावं म्हणून टाय घातलाय, अंगात शर्ट नाही, पँट नाही पण पांढरी कॉलर आणि हिरवा टाय. तर ते कारण नाहीये. बिल हॅना आणि जो बार्बेरा आधी एमजीएम ह्या सिनेमा कंपनीत टॉम अँड जेरी करायचे, सात ऑस्कर मिळाली त्या मांजर-उंदराला, पण १९५७ मध्ये एमजीएमने तो विभागच बंद केला. मग हे टीव्हीकडे वळले आणि टीव्हीवाल्यांकडे त्याच्या मानाने पैसाच नव्हता. सिनेमाच्या एका कार्टूनला हजारोंनी चित्रं काढायचे, इथे त्यातली थोडीशीच परवडायची. मग युक्ती केली की धड एकदाच काढायचं, ते तसंच ठेवायचं, आणि नुसतं डोकं हलवायचं, तोंड हलवायचं. आता धड स्थिर आणि डोकं वेगळ्या चित्रातलं म्हटल्यावर मध्ये जोड दिसणार ना, तो जोड झाकायला कॉलर! ब्लाउजच्या शिलाईवर लेस लावतात ना, तसला प्रकार. एकदा हे कळलं की मग तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही. मी मुद्दाम एक भाग थांबवत थांबवत बघितला, योगी अख्खं वाक्य बोलतो आणि गळ्याखाली एक केससुद्धा हलत नाही, पोट तिथल्या तिथे, हात तिथल्या तिथे. आणि पळताना मागून तेच झाड, तोच दगड, तेच झाड, तोच दगड. हकलबेरी कुत्र्याला टायऐवजी बो-टाय, योगीचा बारका दोस्त बू-बू, त्याला पण बो-टाय, सगळ्यांच्या गळ्यात काही ना काही आहेच. आणि एवढ्या काटकसरीत केलेल्या ह्या हकलबेरी हाउंड शोला १९६० मध्ये एमी (टीव्हीचं मोठं बक्षीस) मिळालं, कार्टून मालिकेला मिळालेलं पहिलं. मग १९६१ मध्ये योगीला स्वतःचा वेगळा शो मिळाला.

आता बू-बू. माझ्या मते ह्या सगळ्या उसनवारीत खरी कमाई कुठली असेल तर हे बारकं पिल्लू. योगी उठता बसता सांगतो की मी साध्यासुध्या अस्वलांपेक्षा हुशार आहे. तुम्ही पाच-सहा भाग बघा आणि मला सांगा कुठे दिसली ती हुशारी. बेत फसतो, टोपली जाते, नाहीतर रेंजर, म्हणजे पार्कचा रखवालदार, पकडतो. आपल्याकडच्या गोष्टीतला कोल्हा कसा खरंच हुशार असतो, काम काढून घेतो आणि पसार होतो. योगी त्यातला नाही, योगी म्हणजे आपला तो मामा जो दर दिवाळीला नवीन धंद्याची स्कीम घेऊन येतो. आणि बू-बू म्हणजे त्या मामाचा शाळकरी भाचा ज्याला पहिल्या वाक्यालाच कळलेलं असतं की हे बुडणार आहे, तो तसं सांगतोही, "योगी, रेंजरसाहेबांना हे आवडणार नाही", आणि तरी मागोमाग जातो. जातो हे महत्त्वाचं. तो कधी रेंजरकडे जाऊन चुगली करत नाही, आणि 'मी सांगितलं होतं' असं तोंड वेंगाडून दाखवत पण नाही.

आणि हे मला फार उशिरा कळलं, की बू-बूचा आवाज आणि रेंजर स्मिथचा आवाज एकाच माणसाचा आहे, डॉन मेसिक यांचा (पुढे स्कूबी-डू पण त्यांनीच केला). म्हणजे योगीला नको म्हणणारे दोघं, एक कळवळून नको म्हणणारा आणि एक युनिफॉर्म घालून नको म्हणणारा, एकाच गळ्यातून बोलतात! बू-बू नाकातून, हळू, प्रत्येक शब्द निवडून, आणि रेंजर पगारदार माणसासारखा वैतागलेला. मी डोळे मिटून ऐकून बघितलं, तरी माहीत नसतं तर ओळखलं नसतं.

रेंजरची बाजू मात्र लहानपणी आम्ही कधी घेतली नाही, आणि आता वाटतं बिचारा बरोबरच होता. कारण खऱ्या यलोस्टोनमध्ये हे चाललेलंच होतं, तेही गमतीत नाही. १९०२ पासून अस्वलांना हाताने खायला घालायचं नाही असा नियम, पण पाळतंय कोण. गाड्यांची रांग लागायची, अस्वल खिडकीत पंजे ठेवून उभं, आत आईबाप मुलाला म्हणतायत दे दे बिस्किट दे. हॉटेलांचा कचरा टाकायचे तिथे तर एके काळी बाकं मांडलेली होती, संध्याकाळी लोक बसून अस्वलं बघायचे आणि रेंजर माहिती सांगायचा. परिणाम काय, १९३१ ते १९६९ ह्या काळात दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी व्हायची. म्हणजे टीव्हीवर योगी टोपली पळवत होता तेव्हा तिकडे खरोखरचे योगी लोकांना ओरबाडत होते. १९७० मध्ये पार्कवाल्यांनी कडक धोरण आणलं, कचऱ्याचे ढीग बंद, अस्वलाला उघडता येणार नाहीत असे कचऱ्याचे डबे, खायला घालणाऱ्यांवर कारवाई. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे दोघे भाऊ तिथल्या ग्रिझली अस्वलांचा १९५९ पासून अभ्यास करत होते, ते म्हणत होते की ढीग एकदम बंद करू नका, हळूहळू करा, पिढ्यानपिढ्या त्यावर जगलेली जनावरं आहेत. ऐकलं नाही. सवयीची अस्वलं मग कॅम्पमध्ये घुसायला लागली आणि बरीच मारली गेली, १९७५ मध्ये ग्रिझलीला संरक्षित यादीत टाकावं लागलं. माथेरानला माकडाने हातातली चिक्की ओढून नेली की आपण हसतो, फोटो काढतो, मला आता तिथे हटकून हे आठवतं.

कार्टूनमध्ये रेंजरची धमकी ठरलेली, प्राणिसंग्रहालयात पाठवीन. १९६४ च्या सिनेमात तर तो योगीला खरंच सॅन दिएगोच्या झूमध्ये पाठवायला निघतो, आणि योगीची मैत्रीण सिंडी त्याच्या मागे जाऊ म्हणते तर भलत्याच ठिकाणी रवाना होते. कुठे माहितीये? सेंट लुइसला. बेराच्या गावाला. हा मात्र खरंच योगायोग असावा.

बघायचा असेल तर 'योगी बेअर्स बिग ब्रेक' ह्या भागापासून सुरू करा, योगीचा सगळ्यात आधी बनवलेला भाग तो, फार तर सात मिनिटांचा. ह्याला पार्कमधून पळून जायचंय, नाना प्रकार करतो, दर वेळी परत आणतात, आणि शेवटी एकदाचा बाहेर पडतो तर बाहेर नेमका अस्वलांच्या शिकारीचा सीझन सुरू. मग ज्या कुंपणाबाहेर पडायला एवढी धडपड केली त्याच्याच आत यायची गयावया. आजी असती तर म्हणाली असती, आता खरा योगी होईल बघ. झाला नाही अर्थात.