सहलीने हा शीण जाणार नाही

प्रश्न : मी सांगलीतील एका सहकारी पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. मार्चएंडनंतर आमच्या सर्वांत विश्वासू लिपिक ताईंनी राजीनामा दिला. पूर्वी वयस्कर ठेवीदारांना व्याजाचा हिशेब न कंटाळता समजावून सांगणाऱ्या ताई हल्ली 'बोर्डावर लिहिले आहे, वाचा' एवढेच बोलतात. पिग्मी एजंट भरणा घेऊन येतात ते आठनंतर, मग रोकड जुळवायची, आणि घरी पोहोचल्यावरही वसुलीच्या ग्रुपवर विचारणा चालूच. अध्यक्ष म्हणतात, सर्वांना एका रविवारी महाबळेश्वरला नेऊन आणा. एवढ्याने भागेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

भागणार नाही. शिवाय आठवड्याची एकुलती एक सुट्टी सहलीत घालवून वर ती संस्थेची मेहेरबानी म्हणून दाखवायची, हे मला पटत नाही.

ताईंचे तुटक बोलणे हा स्वभावदोष समजू नका. याला 'बर्नआउट' म्हणतात, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पुरता थकून जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणून; आणि सतत गळून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे व हातून काम नीट होईनासे होणे ही तिची तीन लक्षणे सांगितली. म्हणजे दुरुस्ती माणसात नव्हे, कामाच्या मांडणीत करायची आहे.

आपल्या शाखेत ती पिग्मीच्या भरण्यापासून सुरू करावी. बाजारपेठेतील दुकाने उशिरा बंद होतात, त्यामुळे एजंटांचाही नाइलाज असतो, हे खरे. परंतु त्यासाठी सगळी शाखा रोज खोळंबून राहण्याचे कारण नाही. दोघांना रोखपालाचे काम शिकवून पाळीपाळीने थांबवावे, आणि जो रात्री थांबेल त्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यावे. वसुलीची विचारणा कामाच्या वेळेतच व्हावी, आणि हा नियम अध्यक्षांनाही लागू असावा. नाहीतर तो चार दिवसही टिकणार नाही.

राजीनामा लगेच पुढे पाठवू नका. ताईंना केबिनमध्ये बोलावण्यापेक्षा निवांत वेळी बसून, त्यांच्या टेबलावरची कोणती कामे मुळात त्यांची नव्हेत, हे विचारा; कष्टाळू माणसाकडे इतरांची कामे न सांगता सरकत जातात. झोप उडाली असेल किंवा सारखे रडू येत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. एवढे करूनही त्या जायचेच म्हणाल्या, तर अडवू नका, मात्र त्यांची कामे रोखपालाच्या गळ्यात मारण्याआधी नव्या नेमणुकीचा ठराव संचालक मंडळापुढे ठेवा.