झडती: घ्यायची आणि द्यायची

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. मुलीच्या वर्गात न्यूयॉर्क पोलिसांच्या ‘स्टॉप अँड फ्रिस्क’वर, म्हणजे संशयावरून लोकांना रस्त्यात गाठून तपासण्याच्या पद्धतीवर, चर्चा झाली. घरी आजीला ते समजावून सांगताना मुलगी अडली. ‘अंगझडती’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘झडती’ मुळात मराठी की हिंदीतून घेतलेला?

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आधी लावतो, कारण मराठी वाहिन्यांवर ‘पोलिसांनी घराची तलाशी घेतली’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. हिंदीतून आलेली ती तलाशी. झडती घरचीच आहे.

आता अंगझडती. नाही, चालणार नाही. फ्रिस्क म्हणजे कपड्यांवरून हात फिरवून हत्यार लागतंय का ते पाहणं. त्याला आपल्याकडे ‘चाचपणं’ हा नेमका शब्द आहे. हा फरक कायद्याचाच आहे. ऑक्टोबर १९६३ मध्ये क्लीव्हलँड शहरात मॅकफॅडन नावाच्या साध्या वेशातल्या पोलिसाने दोघांना एका दुकानाच्या काचेपुढून पुन्हा पुन्हा येरझारा घालताना पाहिलं. दरोड्याचा संशय आला, म्हणून तो पुढे झाला. टेरी नावाच्या माणसाला त्याने गर्रकन वळवलं आणि ओव्हरकोट वरून चाचपला. छातीच्या डाव्या खिशात पिस्तूल हाताला लागलं. मग त्याने आत हात घातला. वरून चाचपणं आणि आत हात घालणं यांतली ही पायरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या ‘टेरी विरुद्ध ओहायो’ निकालात महत्त्वाची मानली. चाचपायला पुरेल एवढ्या संशयावर खिसे रिकामे करता येत नाहीत. अंगझडती म्हटलं की ही पायरीच पुसली जाते.

पण खरी गंमत ‘झडती’त आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

गळणे–गळती, भरणे–भरती, तशी झडणे–झडती. जैन पंडित हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘शद्’ म्हणजे गळून पडणे या धातूच्या जागी ‘झड’ सांगितला आहे. पानं झडतात, मोहोर झडतो, तोच हा झड. ‘झाडणे’ हे त्याचं प्रयोजक रूप, आणि त्यावरून ‘झाडा’. म्हणजे झाडा हे झाडण्याचं काम आणि झडती म्हणजे झाडल्यावर जे खाली पडलं ते. ‘झाडाझडती’ला ‘उलटसुलट’सारखी पोकळ द्विरुक्ती म्हणणाऱ्या विद्वानांनी एकदा अंगणात उभं राहून सतरंजी झटकावी. एक हात झटकतो, दुसरीकडे धूळ पडते. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, त्यात पोकळ काहीच नाही.

आणि ही झडती मराठेशाहीत कुठे भेटते? हिशेबाच्या कागदांत. गावझडती म्हणजे गावच्या वसुलाचा आणि खर्चाचा तपशीलवार हिशेब. जमीनझाडा म्हणजे जमिनीची मोजदाद. इथे झडती पाटील-कुलकर्ण्यांनी, महसूल वसूल करणाऱ्या कमाविसदारांनी द्यायची असते. ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा, त्याने आपलं खातं झाडून दाखवायचं, एक रुका, म्हणजे त्या वेळचं क्षुल्लक नाणंसुद्धा, आत अडकून राहता कामा नये. माझं मत असं, की हा हिशेबाचा अर्थ आधीचा आणि अंगावरच्या झडतीचा नंतरचा. कोशकार दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी मांडतात आणि पुढे जातात. एकातून दुसरा कसा निघाला हे विचारायला कुणालाच सवड नाही. आधी कारभाऱ्याचं दप्तर झाडलं, मग चोराचा सदरा. आज मात्र उरला आहे तो सदराच. मंत्र्याने अधिकाऱ्यांची घेतलेली झाडाझडती सोडली, तर झडती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हात वर करून उभा असलेला सामान्य माणूसच येतो.

न्यूयॉर्कचं प्रकरण मला म्हणूनच या एका शब्दात पुरं मावलेलं दिसतं. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी लोकांना ४४ लाख वेळा अडवलं. त्यातल्या ५२ टक्के वेळा समोरचा माणूस कृष्णवर्णीय होता आणि ३१ टक्के वेळा लॅटिनो. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे २३ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा चाचपणी झाली आणि त्यातल्या दीड टक्क्यात हत्यार सापडलं. १०० पैकी ८८ वेळा ना अटक, ना समन्स, माणूस तसाच सोडून दिला. ही झाली घेतलेली झडती.

दिलेल्या झडतीचं काय? प्रत्येक वेळी अडवल्यावर पोलिसाने ‘यूएफ-२५०’ नावाचा छापील तक्ता भरायचा होता. संशय कोणत्या गुन्ह्याचा, कारण काय, सगळ्याला चौकटी. नेमका गुन्हा न लिहिलेल्या तक्त्यांचं प्रमाण २००४ मध्ये एक टक्का होतं, २००९ मध्ये ३६ टक्के झालं. आणि सर्रास खूण केलेली एक चौकट होती ‘फर्टिव्ह मूव्हमेंट्स’ची. लॅटिनमध्ये ‘फूर’ म्हणजे चोर, त्यावरून हे विशेषण. आपली ‘चोरटी हालचाल’ अगदी तशीच घडली आहे. माणसाला चोर ठरवायचं की नाही याची शहानिशा पुढे व्हायची आणि तक्त्यात तो शब्द आधीच छापलेला!

न्यायाधीश शायरा शाइंडलिन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ खटल्यात हा सगळा व्यवहार घटनाबाह्य ठरवला आणि पोलिसांवर देखरेखीसाठी त्रयस्थ निरीक्षक नेमला. (हा फ्लॉइड वेगळा. २०२० मध्ये मिनीॲपोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला ते जॉर्ज फ्लॉइड. आपल्याकडे दोघांची सरमिसळ होते.) अशा बातम्यांत मराठी पत्रं ‘पोलिसांचे उत्तरदायित्व’ लिहितात. संस्कृतचा इतका सोस कशाला? मागणी पोलिसांनी झडती द्यावी हीच होती. वाचकाला हा जुना अर्थ आता लागणार नाही असं वाटत असेल, तर ‘पोलिसांना जाब विचारला’ लिहा. पहिलीतलं पोरही ते समजेल.

हां, तुमच्या मुलीचं राहिलं. ‘स्टॉप’ला ‘थांबवणं’ म्हणू नका, थांबवतात बसला. टेरी निकालात सांगितलं आहे, की पोलिसाने माणसाची निघून जाण्याची मोकळीक रोखली की ती धरपकडच झाली. म्हणून ‘अडवणं’. तिने आजीला सांगावं: ‘रस्त्यात अडवून चाचपतात.’ आजी पुढचा प्रश्न विचारेल, ‘का?’ तेव्हा तो तक्ता दाखवावा.