प्रश्न तुमचे : प्रार्थनेला बसले की डोळाच लागतो

प्रश्न : सासूबाईंना पॅरालिसिस झाल्यापासून सगळं माझ्यावरच आहे, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला असतात. रात्री उठून सासूबाईंची कूस बदलायची आणि पहाटे प्रार्थनेला बसले की झोपच लागते, नाहीतर नुसतं रडू येतं, शब्दच सुचत नाहीत. घरसभेत एक बाई म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय, नाहीतर त्या एव्हाना चालायला लागल्या असत्या. तेव्हापासून प्रार्थनाच नको वाटते. काय करू?
– एक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आधी त्या बाईंचं बघू कारण मला तेच जास्त खटकलं. पौल प्रेषिताने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं आणि काटा तसाच राहिला, उत्तर आलं ते एवढंच की माझी कृपा तुला पुरे, अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते. बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, 12 वा अध्याय. आता पौलाचा विश्वास कमी होता असं त्या म्हणणार आहेत का? पुढच्या घरसभेत हाच उतारा वाचायला त्यांनाच द्या की (भांडण नको, सहज म्हणून द्या).

आता झोपेचं. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला बास झालं देवा, आता माझा जीव घे. ही पण प्रार्थनाच बरं का! मग तो झोपला, आणि देवदूत आला तो भाकरी अन् पाणी घेऊन आला, एलीया खाऊन परत झोपला तरी देवदूत त्याला एका शब्दानेही रागावला नाही, दुसऱ्यांदा उठवून परत खाऊ घातलं आणि मग कुठं त्याच्यात पुढची वाट चालायचं बळ आलं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू प्रार्थना करत असताना शिष्य झोपले तेव्हा प्रभू त्यांना बोलला हे खरंय, पण आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे हेही त्यानेच म्हटलं. तुम्ही तर रात्रभर एका आजारी माणसासाठी जागताय. पहाटेचा हट्ट सोडा आणि झोपा.

शब्द नसले तरी चालतं, रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कूस बदलताना "प्रभू येशू, दया कर" एवढं म्हटलं तरी पुष्कळ. नाहीतर उसने शब्द घ्या, 88 वं स्तोत्र काढून बघा, शेवटपर्यंत अंधारच आहे त्यात, तरी बोलणं चाललंय देवाशीच. आणि बरं करायचं मागणं सोडू नका हं, पौलाने मागितलंच होतं.

पण खरी अडचण मला वेगळी वाटते, तुम्ही एकट्या पडलाय. अमालेकाशी लढाई चालली होती तेव्हा मोशेचे हात वर असले की इस्राएल लोक जिंकायचे, पण त्याचे हात भरून आले, तर त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, आमच्यासाठी प्रार्थना करा एवढंच नको, आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन सासूबाईंजवळ बसा म्हणजे मला झोपता येईल. मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा रात्रीची एक पाळी त्यांनी घ्यायलाच पाहिजे, त्यात लाजायचं काय.

फिजिओथेरपी आणि गोळ्या चालूच ठेवा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी 1894 साली काढलं, म्हणजे प्रार्थना आणि औषध एकाच आवारात ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. सासूबाईंसाठी एअर बेड भाड्याने मिळतो का बघा, तरी कूस बदलावी लागतेच पण पाठीला जखमा व्हायचा धोका कमी होतो. आणि तुमचं रडू दोन आठवडे झाले तरी थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर स्वतःसाठीही डॉक्टर गाठा. सासूबाईंना चर्चला जाता येत नसेल तर पाळकसाहेब प्रभूभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घरी येऊन देतात, तेही याच रविवारी विचारून घ्या.