प्राणी ठेवायला घेण्याआधी मालकाला नीट विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. लोकांची कुत्री-मांजरं घरी सांभाळायची आणि सुरुवात दिवाळीत करायची, असं तुझ्या डोक्यात आहे. सांभाळ की, पण दिवाळीत नको. नवीन घर, मालक जवळ नाही आणि बाहेर सुतळी बॉम्ब! नवशिक्यानं तो आठवडा घेऊच नये. आधी एखाद्या साध्या शनिवार-रविवारी एखादं शांत, वयानं मोठं कुत्रं घे. गिऱ्हाइकांची चिंता करू नकोस. मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे आहेत, गणपतीला कोकणात जाणारे आहेत.

या कामातला मोठा भाग प्राणी दारात येण्याआधीच उरकलेला असतो. मालक म्हणतात, "अगदी गुणी आहे हो, काही म्हणजे काही त्रास नाही." ते खोटं बोलत नसतात, त्यांना त्रास दिसेनासा झालेला असतो. म्हणून प्रश्न कसा विचारतेस त्यावर सगळं आहे. "कधी चावलंय का?" असं विचारलंस तर "छे छे" हेच उत्तर येणार. "शेवटचं कुणाला दात लावले होते?" असं सहज विचारून बघ. "मागच्या वर्षी पाहुण्यांच्या मुलाला, पण चूक मुलाचीच होती," असं हळूच बाहेर येतं. जेवताना जवळ कुणी गेलं तर गुरगुरतं का, एकटं किती वेळ राहतं, रात्री कुठे झोपतं, हेही असंच काढून घे. पलंगावर झोपणारं कुत्रं तुझ्याकडे हॉलमध्ये निमूट झोपेल, या भ्रमात राहू नकोस.

लसीकरणाचं पुस्तक हातात घेऊन बघ. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत तारीख धड दिसत नाही. कुत्र्याला रेबीजची आणि नाइन-इन-वन, म्हणजे अनेक आजारांवरची एकत्र लस, तर हवीच, केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचीही विचार. काल टोचून आज आणलं, असं चालत नाही, लस अंगी लागायला वेळ लागतो. ज्याचे डोस पुरे झाले नाहीत असं पिल्लू कितीही गोड असलं तरी घेऊ नकोस. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा आजार, त्याचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाईलनं मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. आणि आत घेण्याआधी दारातच कान उलटून बघ, पंजाची बोटं फाकवून बघ. गोचीड तिथेच लपते. ती तुझ्या सोफ्यात शिरली की पुढच्या प्रत्येक पाहुण्या कुत्र्याला गोचीड तापाची भीती.

आता दाराबद्दल. पळून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या एक-दोन दिवसांत. बिथरलेलं कुत्रं नावाला ओ देत नाही आणि तुझ्या घराचा रस्ता त्याला माहीत नसतो. सेफ्टी डोअर लागलेलं असल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही. हे घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींनासुद्धा, सांगून ठेव. गळ्यात तुझ्या नंबरचा बिल्ला आल्या आल्या घाल. बाहेर हार्नेस, म्हणजे छातीवरून बांधायचा पट्टा, आणि दोरी, बागेत कुणी नसलं तरी मोकळं सोडायचं नाही. मांजर घेणार असशील तर गॅलरीच्या जाळीकडे बघ. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, तिच्या भरवशावर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत मांजर सोडू नकोस.

खाणं मालकाकडूनच घे, त्यांच्याच मापानं घाल. अचानक बदललंस की जुलाब ठरलेले. पहिल्या रात्री कुत्रं जेवलं नाही तर घाबरू नकोस. मांजराचं मात्र तसं नाही. दोन दिवस उपाशी राहिलं तर डॉक्टरांना फोन कर, त्याच्या यकृतावर येतं. बोका सारखा वाळूत जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. आपली पॅरासिटामॉल मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी आहे. बेसनाचा लाडू वर ठेव. त्यातला बेदाणा कुत्र्याच्या किडनीला बाधू शकतो, आणि "एकानं काय होतंय!" म्हणणारा एक काका प्रत्येक घरी असतोच.

कुणी पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट घेऊन आलं तर सरळ नाही म्हण. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो पाळणंच गुन्हा आहे, मग सांभाळायला घेणं कशाला? बजी, म्हणजे ते छोटे परदेशी पोपट, चालतील.

सोसायटीचं काय, असं तू विचारलंयस. रहिवाशाला प्राणी पाळायला सोसायटी मनाई करू शकत नाही, असं पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना सांगतात. पण ते तुझ्या स्वतःच्या कुत्र्याचं झालं. दर आठवड्याला नवं कुत्रं लिफ्टमधून न्यायचं तर सेक्रेटरींशी आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून घे. त्या सूचनांचं पत्रक दाखवायची वेळ येऊ देऊ नकोस. एका वेळी एकाच घरचे प्राणी ठेवलेस तर तक्रारीही कमी होतील आणि भांडणंही.

पैसे आधी घ्यायचे, निदान अर्धे. इन्शुलिनवर असलेली किंवा फिट येणारी जनावरं इतक्यात घेऊ नकोस, दुप्पट देतो म्हणाले तरी. मी मालकांकडून भरून घेते तो फॉर्म पाठवते. त्यांचा डॉक्टर कोण, मालक विमानात असताना गावातलं कोण निर्णय घेणार, उपचारावर न विचारता किती खर्च करायचा, हे सगळं त्यात आहे. सही झाल्याशिवाय पट्टा हातात घेऊ नकोस.

तुझी,
मावशी