चोडणच्या फेरीबोटीवरून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी रायबंदरहून चोडणला येताना फेरीबोटीत मी तुझ्या मागेच होतो. कठड्याला टेकून एक विदेशी बाई घारींचे फोटो काढत होती आणि तू तिच्याकडे टक लावून पाहत होतास. तिनं वळून पाहिलं, तरी तुझी नजर हलली नाही. मग तिनं कॅमेरा पिशवीत टाकला आणि ती दुचाक्यांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. तिथून मांडवी दिसतसुद्धा नाही. तुझ्या मनात वावगं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण तिला ते कसं कळावं?

माणसाच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग ठळक असतो, म्हणून कोण कुठं बघतंय ते लांबूनही लक्षात येतं. २०१६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या सुमारे ५०० जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावरच्या चेहऱ्यानं थेट डोळ्यांत पाहिलेलं त्यांना सरासरी ३.३ सेकंदच बरं वाटलं. तो तर नुसता पडदा होता रे! अनोळखी बाईशी नजरानजर झालीच, तर सावकाश नदीकडे बघ. हसायलाच हवं असं नाही.

आता तुझी कळंगुटच्या हॉटेलातली नोकरी. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवावी, हे वळण घरात शोभतं. काउंटरवर मात्र खाली मान घालून बोललास तर पाहुण्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. मी बावीस वर्षं तिथंच काढली, म्हणून सांगतो. पासपोर्ट हातात घेताना चेहऱ्याकडे बघून ‘गुड मॉर्निंग’ म्हण. फोटो चेहऱ्याशी एकदाच ताडून बघ आणि मग विदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरायला लाग. पुन्हा पुन्हा वर बघितलंस की प्रामाणिक माणूसही अवघडतो. पोहण्याच्या तलावावरून कुणी ओल्या कपड्यांत टॉवेल मागायला आलं, तर बोलणं संपेपर्यंत तुझे डोळे तिच्या चेहऱ्यावरच असू देत. हे पहिल्या आठवड्यात जड जाईल. मलाही गेलं होतं, आणि तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

ती बाई परत फेरीत भेटली तर माफी मागायला जाऊ नकोस, ती आणखी बिचकेल. तू दुसऱ्या बाजूला उभा राहा आणि कठड्याची जागा तिला मोकळी ठेव.

तुझा,
काका