बिडी सोडली आणि अंगातलं त्राणच गेलं

"बिडी होती तोवर दिवसभर शेतात राबायचो. आता सोडून बारा दिवस झाले, तर बांधापर्यंत जायचं म्हटलं तरी पाय ओढतात. आंगमा जीवच नही राह्यना. दिवसा डोळे मिटतात, रात्री टक्क जाग. तोंड आलंय, पोट साफ होत नाही, हात थरथरतात. तीस वर्षांची सवय एकदम तोडली म्हणून शरीर खचलं का? थोडी थोडी चालू ठेवू का?"

हा प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा. वय ५४. घरीदारी सगळे आप्पा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेक माहेरी आली होती, तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी बिडी सोडली. त्याआधी रोज दीड बंडल, आणि पहिली बिडी अंथरुणातच. समुपदेशनाला आले तेव्हा बायको सोबत होती आणि तिचं म्हणणं सरळ होतं: "यांना दोन बिड्या ओढू द्या. घरात कोणाशी धड बोलत नाहीत."

बिडी सोडल्याने शरीर खचत नाही, हे उत्तर पहिल्या मिनिटालाच द्यावं लागतं. पण तेवढ्यावर माणसाचं समाधान होत नाही आणि होऊही नये, कारण थकवा खराच असतो. तो कुठून येतोय ते वेगवेगळं करून दाखवलं की माणूस टिकतो. आप्पांच्या थकव्यात चार-पाच गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या आणि प्रत्येकीचा उपाय निराळा होता.

पहिली गोष्ट निकोटीनची. झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, नाडी वाढते, अॅड्रेनलिन सुटतं, तरतरी येते. पण रक्तातलं निकोटीन दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. म्हणून दोन तासांनी मरगळ, पुन्हा बिडी, पुन्हा तरतरी. ही ताकद म्हणजे सालदाराने मालकाकडून घेतलेली उचल, मागाहून कामातून फिटायचीच. सोडल्यावर ही मरगळ काही तासांतच सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. आप्पा बाराव्या दिवशी आले, म्हणजे जोराचा भाग मागे पडला होता. तरी थकवा वाढतोय असं ते सांगत होते, म्हणून बाकीची चौकशी करावीच लागली.

दिवसातून चहा किती, या प्रश्नाला आप्पांचं उत्तर होतं, "पूर्वी सहा-सात व्हायचे. आता बिडी नाही म्हणून नऊ-दहा होतात." तंबाखूच्या धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन झपाट्याने बाहेर टाकतं. धूर बंद झाला की आठवड्याभरात हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साचू शकतं. आप्पांनी तर चहा वाढवला होता. धडधड, हाताचा कंप, चिडचिड, रात्रीची जाग यांतलं बरंचसं चहाचं होतं आणि दोष बिडी सोडण्यावर जात होता. त्यांना चहा चार कपांवर आणायला सांगितलं, तोही उपाशीपोटी नाही आणि दुपारी चारनंतर अजिबात नाही. चहा एकदम बंद केला तर डोकं दुखतं, म्हणून दोन दिवसांआड एकेक कप कमी केला.

आणखी एक गोष्ट सापडली ती पिशवीत. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणा, असा निरोप दिला होता. आप्पांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, पिशवी टेबलावर उलटी केली. रक्तदाबाची एक पट्टी, आम्लपित्ताच्या सुट्या गोळ्या, आणि दम लागतो म्हणून दोन वर्षं चालू असलेली थिओफायलिन गटातली गोळी. कॅफिनचं जे होतं तेच या गोळीचं. ओढणाऱ्या माणसाच्या अंगातून ती लवकर निघून जाते, ओढणं थांबलं की तोच डोस जास्त पडायला लागतो. मळमळ, धडधड, थरथर, झोप उडणं ही तिची लक्षणं, आणि जास्तच साचली तर धोकाही असतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे निकोटीनचं च्युइंगम चालू असलं तरी तो टळत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. त्यांना त्याच दिवशी चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवलं, डोस कमी झाला आणि तीन-चार दिवसांत हात स्थिर झाले. मानसिक आजारावरच्या क्लोझापिन, ओलान्झापिनसारख्या गोळ्यांचं, तसंच इन्सुलिन घेणाऱ्यांचंही असंच आहे. सोडायची तारीख ठरली की डॉक्टरांच्या कानावर घालावी. हे लोकांना फार कमी वेळा सांगितलं जातं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

तलफ शमवणारं हे निकोटीनचं च्युइंगम आप्पा घेत होते, पण त्यांच्या मते त्याचा गुण नव्हता, उचक्या आणि जळजळ तेवढी होती. कसं चघळता ते दाखवायला सांगितलं, तर त्यांनी लहान मुलासारखं भराभर चावून लाळ गिळली. असं केलं की निकोटीन पोटात जातं आणि तिथे जळजळ करतं. ते शोषलं जायला हवं गालाच्या आतल्या त्वचेतून. हळूहळू आठ-दहा वेळा चावायचं, तिखटसर चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचं. असं अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटं आणि चघळताना पाण्याशिवाय काहीही नाही. चहा, ताक, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत यांनी तोंड आंबट होतं आणि निकोटीन शोषलंच जात नाही. मे महिन्यातल्या खानदेशात ताक-पन्ह्याशिवाय दिवस जात नाही, त्यामुळे इथे नेमकं हेच चुकतं.

मात्राही कमी पडत होती. जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागणाऱ्याला ४ मिलीग्रॅमचं च्युइंगम लागतं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. आप्पा दुकानातून २ मिलीग्रॅमचं आणून दिवसात तीन घेत होते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफ यायची वाट न पाहता, असं ठरलं. त्यापुढे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) उन्हाळ्यात घामाने सुटतो, म्हणून रोज नव्या जागी, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावून दहा सेकंद तळहाताने दाबावा. भयंकर स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढावा. डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी गोळी दिली असेल तर ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळते. ब्यूप्रोपिऑन या अशाच दुसऱ्या गोळीने तोंड कोरडं पडतं आणि झोप उडते. दोन गोळ्यांमध्ये आठ तास ठेवून दुसरी संध्याकाळी लवकर घ्यावी. फिट येणाऱ्यांनी ती घ्यायची नसते.

राहिला उन्हाचा भाग. पारा ४३-४४ वर असताना कोणाच्याही अंगातलं पाणी आटतं आणि त्याने डोकं जड होतं. आप्पा दिवसाला तांब्या-दीड तांब्या पाणी पीत होते. किडनी किंवा हृदयाचा त्रास नसलेल्या माणसाने या दिवसांत किमान तीन लिटर प्यावं. शेतातलं काम सकाळी नऊपर्यंत उरकायचं, पहिले तीन आठवडे अवजड कामं सालदारावर सोपवायची. दुपारची झोप फक्त अर्धा तास आणि तीनच्या आत. संध्याकाळी सहानंतर वीस मिनिटं चालायचं. थकलेल्या माणसाला चाल म्हटलं की राग येतो, आप्पांनाही आला, पण रात्रीची झोप परत आणायला याहून चांगलं काही नाही.

पोटाचं कोडं सोपं होतं. सकाळची बिडी आतड्यांना चालना द्यायची, ती गेली. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यातून (पाणी कमी पडलं तर उलट अडकतं), पालेभाजी, पपई, आणि सकाळी ठरलेल्या वेळी बसणं. एवढ्याने आठवड्यात फरक पडला. तोंड आलेलं असताना ठेचा आणि कळण्याची भाकरी सोडवत नव्हती, तरी पंधरा दिवस ठेचा बंद ठेवून दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. बडीशेप चालेल, लवंग चालेल. सुपारी नको, तिने तोंडाचा कॅन्सर होतो.

खोकला मात्र जपून ऐकावा. सोडल्यावर फुफ्फुसांतली सफाई पुन्हा सुरू होते, कफ सुटतो, खोकला थोडे दिवस वाढतो, हे खरं आहे. म्हणून प्रत्येक खोकला सफाईच्या नावावर खपवायचा नाही. दोन आठवड्यांपुढे गेला, थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा संध्याकाळी ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी, बिडी ओढणाऱ्यांना क्षयरोग जास्त होतो. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं यांना एक दिवसही थांबू नये. थकवा महिन्यानंतरही तसाच राहिला तर हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासावं. आणि दोन आठवडे मन सतत उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर लगेच बोलावं.

मावशींच्या "दोन बिड्या ओढू द्या" या म्हणण्यामागे माया होती, म्हणून त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं. रोज दोन बिड्या चालू ठेवल्या तर चिडचिड तासाभर थांबेल, पण मेंदूची मागणी तशीच जागी राहील आणि हे बारा दिवस पुन्हा पहिल्यापासून काढावे लागतील. चिडचिड झाली की वाद न घालता दहा मिनिटं बाजूला व्हायचं, कारण तलफेची एक लाट पाच-दहा मिनिटांतच उतरते. मावशींनी हे मानलं. त्यांची खरी भीती वेगळीच निघाली: शेजारच्या गावातल्या भावाने बिडी सोडली आणि तंबाखू-चुना धरला होता. ही भीती रास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारच्या आसपास होते आणि चघळणारे चोवीसच्या आसपास. थकवा आला की समोरचा माणूस चिमूटभर मळून पुढे करतो, इथे तेच सहज मिळतं. दुपारच्या विसाव्याला सालदाराची पुडी उघडते त्या वेळेसाठी खिशात च्युइंगम आणि भाजलेले चणे ठेवायचे, असं ठरलं. सालदारालाही सांगून ठेवलं, आणि त्याने ते पाळलं. तलफ फार झाली की १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन (तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा) आहे, ती सोमवारी बंद असते.

चौथ्या आठवड्यात पुतण्याच्या हळदीला आप्पांनी दोन झुरके घेतले आणि दुसऱ्या दिवशी "सगळं पाण्यात गेलं" म्हणून फोन केला. पाण्यात काही गेलं नव्हतं. उरलेलं बंडल फेकायचं, च्युइंगमची वेळ चुकवायची नाही, लग्नाच्या दिवशी पानटपरीकडच्या घोळक्यात बसायचं नाही, एवढंच सांगितलं. वजन दीड किलो वाढलं होतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, तेव्हा चहातली साखर निम्मी करून ठेवली. थकवा सहाव्या आठवड्यात गेला. सकाळचा खोकला थोडा आहे, थुंकीत काही निघालं नाही, फुफ्फुसांची फुंकून करायची तपासणी व्हायची आहे. थिओफायलिनचा डोस आता कमी आहे, त्यामुळे पुन्हा बिडी सुरू झालीच तर ते डॉक्टरांपासून लपवायचं नाही, कारण मग हाच डोस अपुरा पडून दम वाढेल. हे त्यांच्या औषधाच्या कार्डावर मागच्या बाजूला लिहून दिलं आहे.