फुटबॉल कॅम्पची निमंत्रणे आणि जूनचा महिना

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. आमचा मुलगा दहावीत असून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर म्हणजे बचावफळीतील खेळाडू म्हणून खेळतो. विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी म्हणून मुले प्रशिक्षकांसमोर आपला खेळ दाखवतात, अशा उन्हाळी कॅम्पची निमंत्रणे जानेवारीपासून त्याला नऊ विद्यापीठांकडून आली आहेत, शिवाय दोन खाजगी संस्थाही बोलावत आहेत. सगळीकडे जायचे ठरवले, तर शुल्क, विमान आणि हॉटेल धरून चार हजार डॉलरच्या वर खर्च जातो. त्यातच जूनमध्ये पुण्याला जाण्याचा आमचा विचार आहे. कोणते कॅम्प निवडावेत?

उत्तर : आपल्या घरांत निमंत्रण या शब्दाला मोठा मान आहे, आणि कोणी नाव घेऊन बोलावले तर न जाणे आपल्याला जड जाते. म्हणून सर्वांत आधी त्या नऊ पत्रांविषयी लिहिते. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या नियमानुसार विद्यापीठाचा कॅम्प सर्वांसाठी खुला असावा लागतो. संख्या, वय, इयत्ता आणि लिंग यांखेरीज प्रवेशावर दुसरी अट घालता येत नाही. त्यामुळे ‘तुला खास निमंत्रण’ असे लिहिलेले पत्र एकाच वेळी शेकडो मुलांच्या घरी गेलेले असू शकते. शिवाय एनसीएएच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या विभागाच्या (डिव्हिजन वन) प्रशिक्षकांना दहावी संपेपर्यंत खेळाडूला निवडीसंबंधी वैयक्तिक पत्र पाठवण्याची परवानगी नसते, मात्र कॅम्पचे माहितीपत्रक ते केव्हाही पाठवू शकतात. तुमच्या मुलाच्या हाती आज जे आहे, ते बहुधा असे माहितीपत्रकच आहे. त्यात फसवणूक नाही, पण त्यावरून निवडीचा अंदाजही बांधता येत नाही.

मग खरा रस कोणाला आहे, हे कसे ओळखावे? यासाठी शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांची मदत घ्यावी. विद्यापीठांचे प्रशिक्षक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकतात. मुलाने हंगामातील आपल्या चांगल्या खेळाची तीन-चार मिनिटांची चित्रफीत हडल या खेळांच्या चित्रफितींच्या संकेतस्थळावर तयार करावी, ती प्रत्येक विद्यापीठाच्या लाइनबॅकर-प्रशिक्षकाला स्वतः पाठवावी, आणि मग शाळेच्या प्रशिक्षकांना फोन करून एवढेच विचारायला सांगावे की, ‘या मुलाचा खेळ तुम्ही पाहिला आहे का, आणि जूनमध्ये त्याला प्रत्यक्ष पाहण्याची तुमची इच्छा आहे का?’ ज्या ठिकाणाहून स्पष्ट होकार येईल, त्याच ठिकाणी पैसे भरावेत. ज्या प्रशिक्षकांना मुलाचे नाव आधीपासून ठाऊक असते, ते कॅम्पमध्ये त्याची उंची, चपळाई आणि समज पडताळून पाहतात; जिथे त्याला कोणीच ओळखत नाही, तिथे तीनशे मुलांच्या रांगेत तो केवळ पाठीवरचा एक क्रमांक असतो.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. आमचा मुलगा दहावीत असताना आम्ही एका खाजगी संस्थेच्या कॅम्पसाठी दुसऱ्या राज्यात गेलो, कित्येकशे डॉलर खर्च केले, आणि दिवसभरात एकाही विद्यापीठाचा प्रशिक्षक तिथे दिसला नाही. ४० यार्डांच्या धावेची वेळ छापलेला एक कागद तेवढा हाती आला, आणि पुढे कोणीही तो मागितला नाही. नामांकित खाजगी मेळाव्यांचा उपयोग मुळातच अग्रभागी असलेल्या मुलांना होतो, किंवा किकरसारख्या (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूच्या) विशिष्ट जागेसाठी होतो, कारण किकरांच्या प्रशिक्षणाची आणि क्रमवारीची दुनिया बरीच वेगळी आहे. लाइनबॅकरने या वर्षी ती दोन्ही खाजगी निमंत्रणे बाजूला ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचा विषय पातळीचा आहे, आणि पालकांना तो सर्वांत अवघड जातो. शालेय पातळीवर अमेरिकन फुटबॉल खेळणारी मुले दहा लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यांतील सुमारे ७ टक्केच मुले एनसीएएच्या कोणत्या ना कोणत्या विभागात पोहोचतात. खेळाडूंना विद्यापीठाने थेट पैसे देण्याची वाट मोकळी करणाऱ्या २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सहभागी झालेल्या विद्यापीठांच्या संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीविना संघात शिरण्याच्या जागा मोठ्या विद्यापीठांत कमी झाल्या आहेत. म्हणून यादीत दूरदर्शनवर दिसणारे एखादेच विद्यापीठ ठेवावे आणि उरलेली दोन-तीन अशी असावीत, जिथल्या सध्याच्या लाइनबॅकरांची उंची आणि वजन तुमच्या मुलाच्या आवाक्यात आहे. संघाच्या संकेतस्थळावर ही माहिती उघड असते. एका संध्याकाळी मुलासोबत बसून ती पाहावी.

तिसऱ्या विभागाकडे आपली कुटुंबे फारसे लक्ष देत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिथे क्रीडा-शिष्यवृत्ती नसते हे खरे, परंतु एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन यांचे फुटबॉल संघ याच विभागात खेळतात, आणि तुमच्या टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोचे ट्रिनिटी विद्यापीठही आहे. या विभागाच्या प्रशिक्षकांवर पत्रव्यवहाराची वरील बंधने नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून मुलाच्या खेळातील नेमका प्रसंग सांगणारे पत्र आले असेल, तर ते नऊ माहितीपत्रकांहून मोलाचे समजावे. अनेक विद्यापीठांचे प्रशिक्षक एकाच मैदानावर येतात असे मोठे एकत्रित कॅम्पही जूनमध्ये होतात. त्यांतील घरापासून मोटारीने जाता येईल असा एखादा जरूर निवडावा. मात्र कोणत्या विद्यापीठांचे प्रशिक्षक येणार आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

गुणपत्रिकेशिवाय हे सारे व्यर्थ आहे. पहिल्या विभागासाठी मान्यताप्राप्त १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते, आणि त्यांपैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात. तुमचा मुलगा अभ्यासात याहून पुष्कळ पुढे असेल, आणि नेमके तेच निवडक विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना हवे असते. पहिल्याच पत्रात त्याने आपली सरासरी लिहावी.

तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल आणि मुलगा एच-४वर असेल, तर आणखी एक गोष्ट आताच ध्यानात घ्यावी. वयाच्या २१व्या वर्षी त्याचा अवलंबित दर्जा संपतो, आणि ते वर्ष पदवीच्या मधोमध येते. हल्ली खेळाडूंना नाव आणि प्रतिमेच्या वापराबद्दल, तसेच थेट विद्यापीठाकडूनही पैसे मिळू लागले आहेत. परंतु एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावरील मुलाने असे पैसे स्वीकारणे हे अनधिकृत काम ठरू शकते. म्हणून कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि स्थलांतर कायद्याचा वकील या दोघांना विचारावे.

आता पुण्याविषयी. विद्यापीठांचे कॅम्प मुख्यतः जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत होतात. त्यानंतर जूनच्या अखेरीपासून जुलैचा बहुतेक काळ पहिल्या विभागाच्या वरच्या स्तरातील प्रशिक्षकांना खेळाडूंना प्रत्यक्ष भेटण्यास मनाई असते. म्हणून तिकिटे जूनच्या शेवटच्या आठवड्यातील काढावीत. त्यापूर्वी तीन किंवा फार तर चार कॅम्प करावेत, आणि दोन कॅम्पमध्ये किमान दोन-तीन दिवसांची विश्रांती ठेवावी, कारण थकलेल्या पायांनी धावलेली वाईट वेळही प्रशिक्षकांच्या वहीत नोंदली जाते. जुलै आजी-आजोबांकडे निश्चिंत घालवावा, मुलाने तिथे सकाळचे धावणे तेवढे चुकवू नये, आणि जुलैच्या अखेरीस परत यावे, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी शाळेचा सराव सुरू होण्यापूर्वी पुण्याच्या पावसातून आलेल्या त्याच्या शरीराला टेक्ससच्या उन्हाची सवय व्हायला काही दिवस मिळतील.